सुई की शस्त्रक्रिया? वजन उतरवण्याच्या उपचारांत शरीरात नेमकं काय घडतं

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक. शेवटच्या दोन्हींतलं औषध एकच, सेमाग्लूटाइड. त्याच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे इथल्या कंपन्यांनाही ते बनवायची वाट मोकळी झाली. एरवी डॉक्टरांच्या केबिनमध्ये दबक्या आवाजात निघणारा विषय आता घराघरांत निघतो. इंजेक्शन घेऊ का? पोट छोटं करतात म्हणजे काय करतात? आणि रात्रीचं जेवण बंद करून हेच साधणार नाही का?

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी लोकांना वाटतं त्यापेक्षा एकमेकींच्या खूप जवळच्या आहेत. दोन्ही चरबी जाळत नाहीत. दोन्ही भुकेचे आणि पोट भरल्याचे निरोप बदलतात. आणि दोन्हींचं खरं काम उपचार सुरू झाल्यावर पुढे वर्षानुवर्षं चालतं. म्हणून 'लवकर वजन कशाने उतरतं' यापेक्षा 'पुढची दहा वर्षं मला काय पाळता येईल' या प्रश्नापासून सुरुवात करावी.

आधी मोजमाप

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एक उदाहरण धरू आणि तेच शेवटपर्यंत वापरू: उंची १६५ सेंटीमीटर, वजन ९६ किलो. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. ९६ ला २.७२ ने भागलं की येतात साधारण ३५.

पाश्चात्त्य देशांत २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे डॉक्टर २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात. ही कडकपणाची हौस नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांची एक तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर आणि आरशात 'व्यवस्थित' दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी किती दडलेली असू शकते, हे त्या दोन आकड्यांत दिसतं. हातपाय काटकुळे, पोट पुढे आणि चाळिशीच्या आत शुगर, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

त्यामुळे नुसत्या बीएमआयवर थांबू नका, कंबर मोजा. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी असते तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग वाचायचं. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली असेल, तर चरबी यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठते आहे असं समजायचं. शुगर, बीपी आणि हृदयाला त्रास देणारी चरबी तीच.

'कमी खा, जास्त चाला' यानं का भागत नाही?

सुरुवात तिथूनच करायची, यात वाद नाही. पाच ते सात टक्के वजन उतरलं तरी शुगर, बीपी आणि यकृतावरची चरबी यांत दिसण्याजोगा फरक पडतो. अडचण येते ती उतरलेलं वजन टिकवताना.

गीझरचा थर्मोस्टॅट आठवा. पाणी गार झालं की गीझर आपोआप सुरू होतो. मेंदूतही वजनाचा असाच एक थर्मोस्टॅट आहे आणि तो पूर्वी गाठलेल्या जास्तीत जास्त वजनावर अडकून बसतो. तुम्ही ९६ चे ८६ किलो झालात की मेंदूला ते यश वाटत नाही, त्याला दुष्काळ वाटतो. पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, घटतात. ग्रेलिन हे जठरात तयार होणारं भुकेचं संप्रेरक वाढतं. शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा वापरू लागतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पन्नास जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं आणि पुढे वर्षभर त्यांच्या रक्तातली संप्रेरकं तपासली. वर्ष उलटलं तरी भुकेचे निरोप मूळ पातळीवर आले नव्हते. म्हणजे माणूस वर्षभर रोज भुकेशी झगडत असतो आणि घरचे म्हणतात, 'जिभेवर ताबा नाही.'

हे शब्द लागतात आणि ते चुकीचेही आहेत. बीपीची गोळी घेणाऱ्याला कुणी 'शॉर्टकट मारला' म्हणत नाही. लठ्ठपणा हाही तसाच दीर्घ चालणारा आजार आहे आणि त्यावर औषध घेणं म्हणजे हार मानणं नव्हे.

उपचार ठरवण्याआधी मात्र एक झाडाझडती हवी. थायरॉइड तपासलं का? स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, इन्सुलिन किंवा शुगरच्या काही जुन्या गोळ्या चालू आहेत का? यांतलं प्रत्येक कारण वजन वाढवतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का, हेही बघायला हवं, कारण ते असेल तर दिवसभर मरगळ राहते आणि चालायला जाण्याचं त्राणच उरत नाही.

इंजेक्शन: आतड्याने मेंदूला पाठवलेली चिठ्ठी

जेवण लहान आतड्यात पोचलं की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ही मेंदूला गेलेली चिठ्ठीच समजा: 'पोचलं, आता पुरे.' तीच चिठ्ठी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते आणि जठराला सांगते की अन्न जरा सावकाश पुढे ढकल. पण नैसर्गिक चिठ्ठी दोन-तीन मिनिटांत विरून जाते. सेमाग्लूटाइड हे तिचंच असं रूप, की ते आठवडाभर टिकतं. मौंजारोमधलं टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

लागू पडलेले लोक याचं वर्णन बहुतेक एकाच तऱ्हेने करतात: डोक्यात सतत चालणारी खाण्याची कटकट थांबली. समोर फरसाणाची बशी आहे आणि हात आपोआप जात नाही.

आकडे असे. मोठ्या चाचणीत सेमाग्लूटाइडचा २.४ मिलिग्रॅमचा डोस घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतं पाणी टोचलेल्या गटाचं उतरलं २.४ टक्के. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के. आपल्या उदाहरणातली ९६ किलोची व्यक्ती म्हणजे अनुक्रमे ८२ आणि ७६ किलोच्या आसपास येईल. पण ही सरासरी आहे. काहींचं पाच टक्केही उतरत नाही आणि त्यांनी काही चूक केलेली असते असं नाही. शिवाय दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला सतत मिळत होता, हे विसरू नये. २०२३ च्या आणखी एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या लोकांत सेमाग्लूटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण वीस टक्क्यांनी घटवलं. फायदा फक्त कपड्यांच्या मापाचा नाही, तो इथे दिसतो.

इंजेक्शन घेताना कुठे चुकतं

सगळ्यांत मोठी चूक घाईची. सेमाग्लूटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत जातं. टिर्झेपॅटाइड २.५ पासून सुरू होतं, किमान चार आठवड्यांनी ५, मग गरज असेल तर अडीच-अडीचने वाढवत जास्तीत जास्त १५. पहिल्या महिन्याचा डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, तो आतड्यांना सवय व्हावी म्हणून असतो. 'महिना झाला, दोन किलोच उतरलं' म्हणून स्वतःच डोस चढवला की मळमळ आणि उलट्या गाठतात, मग औषध सुटतं आणि दोष औषधाला लागतो. पाच मिलिग्रॅमवर वजन नीट उतरत असेल तर पाचवरच राहावं.

मळमळ हा सर्वांत सामान्य त्रास. जठर सावकाश रिकामं होत असताना वर वडापाव किंवा मटणाचा तर्रीदार रस्सा गेला, की अन्न तासन्‌तास तसंच राहतं आणि आंबट ढेकर सुरू होतात. डोस घेतल्यावरचे दोन दिवस तळलेलं आणि तिखट टाळावं, ताट अर्धं घ्यावं आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की उठावं. 'पानात टाकू नये' ही शिकवण इथे अंगाशी येते, म्हणून वाढतानाच कमी वाढून घ्या. दुसरा त्रास बद्धकोष्ठतेचा: खाणं घटतं, त्यासोबत पाणीही घटतं. रोज दोन ते अडीच लिटर पाणी मोजून प्या. तरीही भागलं नाही तर इसबगोल.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आधीपासून चालू असणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शुगर खाली ढकलतात. त्यात या इंजेक्शनने जेवण निम्म्यावर आलं, तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच त्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. त्रास झाल्यावर नाही, पहिल्याच भेटीत.

आता प्रत्यक्ष टोचण्याबद्दल. जागा पोट किंवा मांडी. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, दर आठवड्याला जागा बदलून. चार डोसचं पेन असेल तर दर वेळी नवी सुई लावायची आणि टोचून झाल्यावर काढून टाकायची. सुई तशीच ठेवली तर औषध झिरपतं, आत हवेचे बुडबुडे जातात आणि पुढचा डोस कमी पडतो. एका डोसची कुपी असेल तर उरलेले थेंब पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. साठवण २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलं आणि एकदा गोठलं, की ते औषध फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे एसटीने निघालात तर थंड पिशवी हवीच, पण पेन आणि बर्फाची पिशवी यांच्यामध्ये रुमालाची घडी ठेवा. औषध परवानाधारक दुकानातूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि पक्कं बिल घेऊन आणा. व्हॉट्सॲपवर 'निम्म्या किमतीत' मिळणाऱ्या पेनात काय आहे आणि वाटेत ते किती तापलं, हे कुणीच सांगू शकत नाही.

काहींनी ही औषधं घेऊच नयेत: स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर, आणि गरोदर असाल तर. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधसारखा दुसरा उपाय वापरावा. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर तेही आधीच सांगा. कुठल्याही ऑपरेशनला भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आवर्जून सांगा. उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

आणि सोडलं तर?

वजन परत येतं. सेमाग्लूटाइडची चाचणी संपल्यावर औषध थांबवलेल्या लोकांनी वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत मिळवला. यात फसवणूक काही नाही. थर्मोस्टॅट दुरुस्त झालेला नसतो, औषध त्याला धरून ठेवत असतं. बीपीची गोळी थांबवली की बीपी चढतं, तसंच.

म्हणून 'लग्नाआधी तीन महिने घेते आणि सोडते' हा बेत सपशेल चुकीचा आहे. त्यात एक आणखी तोटा दडलेला आहे. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव ते एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग चरबीचा नसून स्नायूंसारख्या चरबी नसलेल्या भागाचा असतो. औषध सुटल्यावर परत येते ती मात्र मुख्यतः चरबी. असं दोन-तीनदा झालं की वजन जुनंच राहतं आणि ताकद घटते. यावर उपाय दोनच, पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम. नुसतं चालणं हृदयाला चांगलं, पण स्नायू राखायला ते पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इथून सुरुवात करता येते.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडा. बाजारात आलं तेव्हा मौंजारोच्या ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. महिन्याला चार म्हणजे १७,५००, वर्षाला दोन लाख दहा हजार. वेगोव्हीच्या किमती कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ३७ टक्क्यांपर्यंत खाली आणल्या. किमती उतरत्या असल्या तरी आजचा भाव धरून स्वतःला विचारा की हे पाच वर्षं झेपेल का. नसेल झेपत, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी ते मोकळेपणाने बोला.

शस्त्रक्रिया: पोट कापतात म्हणजे काय करतात?

दुर्बिणीतून, पोटावर अर्धा ते सव्वा सेंटीमीटरची चार-पाच छिद्रं पाडून हे काम होतं. त्वचेखालची चरबी काढत नाहीत. ती लायपोसक्शन, आणि ते आकाराचं काम आहे. त्याने शुगर सुधारत नाही आणि भूकही बदलत नाही. दोन्हींची गल्लत फार होते.

सगळ्यांत जास्त होणारी शस्त्रक्रिया स्लीव्ह. तोंडातून जठरात बोटाएवढ्या जाडीची एक नळी सोडतात, तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवतात आणि जठराचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण पाऊण हिस्सा, कायमचा काढून टाकतात. लिटरभर मावणाऱ्या पखालीची केळ्याएवढी नळी उरते आणि तिच्यात छोटी वाटीभर मावतं. पण जागा कमी झाली हा अर्धाच भाग. काढून टाकलेल्या फुगीर भागातच ग्रेलिन सर्वांत जास्त तयार होतं, म्हणजे भुकेचा कारखानाच बराचसा जातो.

दुसरी बायपास. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं मधून तोडून थेट तिला जोडतात. अन्न गावाबाहेरच्या बायपासने निघतं. जठराचा उरलेला मोठा भाग जागेवरच राहतो, पण त्यात अन्न जात नाही. तिथले रस आणि पित्त जुन्या रस्त्याने येऊन पुढे अन्नाला मिळतात. न पचलेलं अन्न आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोचल्याने जीएलपी-१ भरभरून सुटतं. तीच चिठ्ठी, जी इंजेक्शनमधून बाहेरून द्यावी लागते. म्हणूनच बायपासनंतर शुगर पुष्कळदा वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच खाली येते. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो, आणि भारतात ती बरीच होते.

कोणती निवडायची? छातीत जळजळ आणि आम्लपित्ताचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो, तिथे बायपास बरी. शुगर जुनी आणि अवघड असेल तरीही बायपासचं पारडं जड. पण दहा-पंधरा वर्षं इन्सुलिनवर असलेल्यांनी गोळ्या पूर्ण सुटतील अशी खात्री धरू नये. मधुमेह जितका नवा तितकी आशा जास्त. स्लीव्ह उलटवता येत नाही. बायपास तांत्रिकदृष्ट्या उलटवता येते, पण तो विचार मनात ठेवून कुणी करून घेऊ नये.

वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. आपल्या ९६ किलोच्या उदाहरणात ६७ ते ७२ किलो. दोन वर्षांनंतर थोडं वाढतं, पण स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासात वीस वर्षांनीही बहुतेक घट टिकलेली होती आणि मृत्यूचं प्रमाणही कमी होतं. इतका दीर्घ पुरावा नव्या इंजेक्शनांपाशी अजून जमायचा आहे.

'ऑपरेशनमध्ये माणूस दगावतो म्हणे'

अनुभवी हातांत पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. पण शून्य नाही, आणि त्याची कारणं ठाऊक असली पाहिजेत.

पहिलं, स्टेपलच्या शिवणीतून गळती, साधारण शंभरात एकाला. स्लीव्हमध्ये ती बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे होते, कारण खालचा रस्ता अरुंद आणि वर दाब जास्त. तिची पहिली खूण पोटदुखी असेलच असं नाही. विश्रांतीत नाडी १२० च्या वर जाते, डावा खांदा दुखतो, ताप येतो, श्वास लागतो. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून वहीत लिहा. 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढणं इथे जिवावर बेतू शकतं. दुसरं, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात आणि ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी चालवतात. दुखतंय म्हणून झोपून राहण्याचा आग्रह नातेवाइकांनी करू नये.

आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे दोन महिने

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे बहुतेक सर्जन साधारण ८०० उष्मांकांचा, जास्त प्रथिनांचा आणि कमी पिष्टमय पदार्थांचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पडलेला असतो. चरबीने तो सुजलेला असेल तर सर्जनला काम करायला जागाच मिळत नाही. पंधरा दिवसांत तो आकसतो. 'ऑपरेशनच्या आधी शेवटचं मनसोक्त खाऊन घे' म्हणणारे हितचिंतक नेमकं याच्या उलट करतात. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट आधीच बंद, नाहीतर जखम भरत नाही आणि बायपासच्या जोडावर व्रण होतात. एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठर आतून बघणं), झोपेची तपासणी, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) या तपासण्या याच काळात होतात.

नंतरचा आहार पायरीपायरीने. पहिले दिवस पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं मुगाचं कढण, तेही दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचं मोजमापाचं झाकण इथे कामाला येतं. दोन आठवड्यांपर्यंत ताक, दूध, प्रथिनांची पावडर, पातळ वरण. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी, कुस्करलेलं पनीर, अंड्याची भुर्जी, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, पण वाटीभर. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. आधी आणि नंतर अर्धा तास सोडून. भात आणि भाकरीचा कोरडा, घाईने गिळलेला घास अडकतो तेव्हा छातीच्या मधोमध कळ येते आणि तोंडाला फेसाळ लाळ सुटते.

शाकाहारी घरांत खरी कसोटी प्रथिनांची. रोज ६० ते ८० ग्रॅम लागतात. पोळी-भाजी-वरण-भात असं आपलं साधं ताट जेमतेम पंधरा-सतरा ग्रॅम देतं, आणि तेही पूर्ण संपवता येणार नसतं. म्हणून जेवणाचा क्रम उलटा करायचा: आधी उसळ, पनीर, दही, सोयाबीन किंवा अंडी, मग भाजी आणि जागा उरली तरच पोळी. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, एका अंड्यात सहा. साबुदाण्याचा उपास यात कुठेच बसत नाही. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत.

बायपासनंतर आमरस, शिरा, जिलेबी यांपासून जपावं लागतं. साखर एकदम आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब. याला डंपिंग म्हणतात. काहींना दोन-तीन तासांनी शुगर उतरून चक्करही येते. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरलं की हे होतंच, आणि प्रथिनं-लोह नीट असेल तर केस परत येतात. झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पित्ताशयात खडेही होतात, म्हणून सहा महिने ते टाळण्याची गोळी देतात. पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी सुरळीत होते आणि अनपेक्षित गर्भ राहू शकतो. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं, हे ऑपरेशनआधीच पती-पत्नी दोघांना माहीत असावं.

गोळ्या आणि फुगा

ऑर्लिस्टॅट ही गोळी खाल्लेल्या तेला-तुपाचा साधारण तीस टक्के भाग पचू देत नाही. तो तसाच बाहेर पडतो, कधी कपडे खराब करून. घट माफक. फुगा एंडोस्कोपीने जठरात ठेवून निळ्या रंगाच्या सलाइनने फुगवतात. लघवी हिरवी-निळी झाली तर फुगा गळतोय असं समजून लगेच जायचं. तो सहसा सहा महिन्यांनी काढतात आणि काढल्यावर वजन बरंचसं परतू शकतं.

मग कुणी काय निवडायचं?

बीएमआय २५-३० च्या घरात आणि शुगर-बीपीची सुरुवात असेल तर आहार, व्यायाम आणि गरज पडली तर औषध. ३५ च्या पुढे, किंवा औषधांना न जुमानणारी शुगर असेल तर त्याहून कमी आकड्यावरही शस्त्रक्रियेचा विचार होतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी ही पायरी २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विमा मात्र त्याहून कडक आहे. विमा नियामकाच्या ठराविक अटींप्रमाणे वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय किमान ४० लागतो. किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, हृदयाच्या धमन्यांचा किंवा लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार यांपैकी एखादा, आणि साधे उपाय करून अपयश आल्याची नोंद. म्हणून आहारतज्ज्ञांच्या भेटी, वजनाच्या नोंदी आणि जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि पूर्वपरवानगी घेऊनच भरती व्हा. खासगीत खर्च शहर आणि रुग्णालयानुसार साधारण अडीच ते पाच लाख. वर मांडलेल्या इंजेक्शनच्या वार्षिक हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा. दोन्ही उपचार एकमेकांचे शत्रू नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन परत चढू लागलं तर इंजेक्शन देतात, आणि फार जड रुग्णाला आधी इंजेक्शनने थोडं उतरवून मग टेबलावर घेतात.

जन्मभर काय सांभाळायचं

शस्त्रक्रियेनंतर जन्मभर घ्यायचं ते बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्या, कारण साध्या कार्बोनेटला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहासोबत नाही. रक्त तपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, बायपासच्या जोडावर व्रण होऊन तो फुटू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

आणि एक कागद पाकिटात ठेवा. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत उलट्या चार-पाच दिवस थांबल्या नाहीत, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लवकर संपतं. अशा रुग्णाला अशक्तपणा म्हणून जवळच्या दवाखान्यात आधी ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग नजर हलते, तोल जातो, स्मरणशक्तीवर घाव बसतो आणि तो कायमचा राहू शकतो. म्हणून त्या कागदावर शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन नंबर आणि ठळक अक्षरांत एक ओळ लिहा: 'उलट्या होत असल्यास ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं.' त्याची दुसरी प्रत घरच्यांकडे द्या.